कागद प्रिंटर ओढत नाही, जबाबदारी कंपनी घेत नाही

प्रश्न : वकीलसाहेब, मी चिपळूणला राहते आणि घरीच आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. गेल्या वर्षी 19 ऑगस्टला ऑनलाइन 14,800 रुपयांचा इंक टँक प्रिंटर घेतला. वॉरंटी एक वर्षाची आहे. मे महिन्यापासून तो कागदच ओढत नाही. ट्रे भरलेला असतो, तरी घरघर करून थांबतो आणि कागद संपल्याचा दिवा लागतो. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने रोलर पुसला, प्रिंटर बारा दिवस चालला. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाला, ‘रोलर झिजलाय, तो वॉरंटीत येत नाही, तुमचा कागद दमट आहे, आणि क्लाससाठी वापरता म्हणजे हा धंदा झाला. 2,600 रुपये भरा.’ विकणारा म्हणतो, कंपनीशी बोला. मी शेजाऱ्यांचे फॉर्मही पानाला दोन-तीन रुपये घेऊन छापून देते, हे खरं आहे. माझी तक्रार टिकेल का?

उत्तर : ताई, माझ्या मते टिकेल. आणि शेजाऱ्यांच्या फॉर्मची गोष्ट तुम्ही आपणहून सांगितलीत, हे फार बरं केलंत. ती तक्रारीतही स्वतःच लिहा. लपवलीत आणि कंपनीने उघड केली, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही शंका घेतली जाईल.

‘धंदा’ या शब्दाने घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019च्या कलम 2(7)मध्ये व्यापारी कारणासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेलं नाही, हे खरं. पण त्याच कलमाला स्पष्टीकरण जोडलेलं आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हा मुद्दा उलगडला, तेव्हा उदाहरण दिलं टाइपरायटरचं. टाइपरायटर विकत घेऊन स्वतः दुसऱ्यांचं टायपिंग करून देणारा आणि त्यावर गुजराण करणारा माणूस ग्राहकच राहतो. मदतीला एक-दोन माणसं घेतली, तरी त्याचं ग्राहकपण जात नाही. तुमचा प्रिंटर हा त्या टाइपरायटरचाच पुढचा भाऊ. त्या खटल्यातला खरेदीदार मात्र हरला होता, कारण त्याने लाखो रुपयांचं यंत्र उद्योगासाठी घेतलं होतं. तुमच्या घरातल्या खोलीत 14,800 रुपयांच्या प्रिंटरवर निघणाऱ्या प्रश्नपत्रिकांची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही. शिवाय खरेदी व्यापारी कारणासाठी होती हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये श्रीराम चिट्सच्या निकालात सांगितलं आहे.

इथे एक गाठ सोडवावी लागेल. तुम्ही कायद्याने ग्राहक आहात का, हा एक प्रश्न. वॉरंटीच्या अटींत काय लिहिलंय, हा दुसरा. कंपनीच्या माणसाने दोन्ही एकत्र कालवले आहेत. खोक्यातलं वॉरंटी कार्ड काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तीन गोष्टी शोधा : ‘फक्त घरगुती वापर’ अशी अट आहे का, अमुक इतकी पानं किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलंय का, आणि वगळलेल्या भागांच्या यादीत रोलर आहे का. रोलरचं नाव यादीत नसेल, तर त्या माणसाच्या तोंडी सांगण्याला काही किंमत नाही. नाव असेल, तर लढाई थोडी अवघड, पण संपलेली नाही. कायद्यातली ‘दोष’ची व्याख्या उघड करारापुरती थांबत नाही, गृहीत धरलेल्या करारालाही ती लागू आहे. कागद ओढता येणं ही प्रिंटरकडून कोणीही गृहीत धरतो अशी गोष्ट आहे. नऊ महिन्यांत रोलर निकामी झाला, तर तो वापराने झिजला की मुळातच कच्चा होता, हे पाहावं लागेल. त्यासाठी आजवर किती पानं निघाली तो आकडा हवा. बहुतेक प्रिंटर स्वतःचा स्टेटस रिपोर्ट छापून देतात, त्यात हा आकडा असतो. एकच कागद हाताने हलकेच पुढे सरकवून बघा. तसा घेतला, तर रिपोर्टही निघेल आणि मोटर चालू असून पकड रोलरची सुटली आहे, असा अंदाजही बांधता येईल.

आता दमट कागदाचं. यात तथ्य असू शकतं, आणि ग्राहक आयोगासमोर जाण्याआधी तुम्हीच ते तपासलेलं बरं. चिपळूणच्या पावसात उघडं पडलेलं रिम आठवडाभरात मऊ पडतं, पानं एकमेकांना चिकटतात, कडा वळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून नवं, सीलबंद, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जाडीचं रिम आणा. वीस-पंचवीस पानं फडफडवून ट्रेमध्ये ठेवा, बाजूच्या पट्ट्या कागदाला अलगद टेकवा आणि प्रिंट द्या. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, मध्ये न थांबवता. रिमचं सील फोडण्यापासून दिवा लागेपर्यंत सगळं एकाच चित्रणात यायला हवं. प्रिंटर नीट चालला, तर ताई, भांडण इथेच सोडा आणि कागद हवाबंद डब्यात ठेवायला लागा. नाही चालला, तर दमट कागदाची सबब तिथेच निकालात निघते. हा व्हिडिओ दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे मूळ फाइल त्या फोनमधून काढू नका.

स्क्रू मात्र एकही उघडू नका. गल्लीतला दुरुस्तीवाला चार-पाचशेत रोलर बदलून देईल, मोह होईल. परीक्षा तोंडावर आल्या की मुलांना प्रश्नपत्रिका द्याव्याच लागतात, तुमची अडचण मला कळते. पण रोलर बदलला की पुरावा गेला. त्यापेक्षा तेवढी पानं बाहेरून छापून घ्या आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. तो खर्च भरपाईत मागता येतो. त्याच दुरुस्तीवाल्याला हवं तर नुसतं बघून लेखी मत द्यायला सांगा. पुढे ते प्रतिज्ञापत्रावर देता येईल.

माझं सगळ्यात जास्त लक्ष आहे तुमच्या तीन जॉबशीटवर, म्हणजे कंपनीचा माणूस दर भेटीत भरतो त्या कामाच्या नोंदीच्या कागदांवर. त्या तुमच्याकडे आहेत का, हे पत्रात नाही. माझ्याकडे एक आजी मिक्सरची तक्रार घेऊन आल्या होत्या. चार वेळा दुरुस्ती झालेली, आणि चारही जॉबशीटवर त्यांच्या सहीच्या वर लिहिलेलं, ‘दोष दूर केला, ग्राहक समाधानी’. त्यांनी वाचलंच नव्हतं. हल्ली सहीच्या जागी मोबाइलवर कोड येतो आणि तो सांगितला की कंपनीकडे तुमची तक्रार मिटली म्हणून बंद होते. काम झाल्याशिवाय तो कोड देऊ नका. पुन्हा माणूस आला, तर दोष काय आणि नकाराचं कारण काय, हे त्याच्या हातूनच लिहून घ्या. नाही लिहिलं, तर त्याच संध्याकाळी कंपनीला ई-मेल करा : ‘आज तुमचे तंत्रज्ञ आले, असं असं म्हणाले, लिहून द्यायला नकार दिला.’ आधीच्या तीन भेटींबद्दलही असा एक ई-मेल आजच करा, तारखा घालून.

त्यानंतर नोटीस. ती विकणाऱ्यालाही जाऊ द्या, उत्पादक कंपनीलाही आणि ज्या संकेतस्थळावरून घेतला त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यालाही. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. ‘कंपनीशी बोला’ एवढं म्हणून विक्रेत्याला हात झटकता येत नाहीत. बिलावर नाव त्याचं आहे, पैसे त्याने घेतले आहेत. पंधरा दिवसांची मुदत द्या. दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

नाहीच मिटलं, तर रत्नागिरीचा जिल्हा आयोग. बिलाच्या मागे ‘वाद फक्त अमुक शहरात’ असं छापलेलं असलं, तरी दबून जाऊ नका. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याचा हक्क कलम 34ने दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि व्हिडिओद्वारे सुनावणीही मागता येते. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, ती तयारी ठेवा.

मागणी नेमकी ठेवा. दोष विनामूल्य दूर करावा. ते जमत नसेल तर प्रिंटर बदलून द्यावा किंवा 14,800 रुपये परत करावेत. बाहेरच्या छपाईचा पावत्यांप्रमाणे खर्च, मनस्तापाबद्दल माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च. दोन लाख मागा म्हणून कोणी सांगेल, ऐकू नका. अवाजवी आकड्याने आयोगाचं लक्ष तुमच्या खऱ्या नुकसानावरून उडतं.

दाद मागायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, पण वॉरंटी 18 ऑगस्टला संपते. ‘वॉरंटी संपल्यावर तक्रार केली’ असं म्हणायला कंपनीला जागा राहता कामा नये, म्हणून नोटीस त्याआधी त्यांच्या हातात पडायला हवी. ती स्पीड पोस्टने आणि ई-मेलने, दोन्हीकडून पाठवा. पोस्टाची पावती बिलासोबत एकाच पाकिटात ठेवा. आणि ते 2,600 रुपये तूर्त भरू नका.