रेडियमचे थर चढवताना

रेडियमचा, म्हणजे रंगीत चिकट प्लास्टिकच्या कागदाचा, तीन रंगांचा वाघ रिक्षाच्या मागच्या काचेवर लावायचाय ना? मग प्लॉटरला (रेडियम कापायच्या मशीनला) हात लावण्याआधी कोणता रंग तळाला जाणार ते ठरव. नारिंगी अख्खा आकार खाली, त्यावर काळे पट्टे, शेवटी डोळ्यांतला पांढरा ठिपका. मोठं खाली, बारीक वर.

पिवळा मात्र काळ्यावर चढवू नकोस, मळकट हिरवट दिसतो. तिथे काळ्यात पिवळ्याच्या आकाराची खिडकी काप आणि कडेला जेमतेम १ मिमी एकावर एक येऊ दे. काठाला काठ भिडवायला जाशील तर उन्हात रेडियम आकसतं आणि मधून काच दिसते. माझ्या पहिल्या गणपतीच्या सोंडेला अशीच पांढरी रेघ आली होती, गिऱ्हाइकाने पैसे देताना तीच दाखवली!

थर जुळवायला प्रत्येक रंगात, चित्राबाहेर, त्याच जागी दोन छोटे चौकोन काप. ट्रान्सफर टेपवर (कापलेला आकार उचलून काचेवर न्यायची चिकटपट्टी) उचललेला वरचा थर आधी चौकोनावर चौकोन बसवून टेकव, मग मधून बाहेर दाबायची पट्टी फिरव. चौकोन शेवटी सोलून टाकायचे. मोठा तुकडा असेल तर खाली साबणाचं पाणी फवार, म्हणजे सरकवता येतो. पण पाणी पुरतं निघून तो घट्ट बसेपर्यंत टेप ओढायची नाही. आणि ओढताना टेप पार उलटी दुमडून, काचेला चिकटूनच ओढ. सरळ वर खेचलीस की मिशा टेपसोबत येतात.

तीनपेक्षा जास्त थर? मी तरी नाही घेत. काठ जाड होतो, धुताना फडक्यात अडकतो.