गाय उलटते म्हणून विकण्याआधी रात्री दहाला गोठ्यात जा

तुम्ही विचारलंय: एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, दुसरं वेत, व्यायला आठ महिने झाले. चारदा भरवली (कृत्रिम रेतन केलं), चारही वेळा उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. या 4 तारखेला पुन्हा माजावर आली, तेव्हा भरवलीच नाही. दूध नऊ लिटरवर आलंय आणि व्यापारी दारात येऊन गेलाय. विकू का?

लगेच विकू नका. माझ्याकडे संगमनेर तालुक्यात अकरा गाई आहेत आणि यातल्या एकीच्या बाबतीत मी अगदी तुमच्याच जागी उभा होतो. तिचं नाव कपिली. पाच वेळा उलटली होती. मी कुणी डॉक्टर नाही, पण तेव्हा जे शिकलो ते सांगतो.

कपिली सकाळी धारेच्या वेळी हंबरायची, मी फोन करायचो. रेतन करणारे दुपारी किंवा संध्याकाळी यायचे, भरवून जायचे. सगळं नियमाने चाललंय असं मला वाटायचं, कारण सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हे सगळ्यांना पाठ असतं. शेवटी तालुक्याचे पशुवैद्यक आले. त्यांनी गाईला हात लावायच्या आधी मला विचारलं, "माज सुरू कधी झाला?" मी म्हणालो, सकाळी. ते म्हणाले, "सकाळी तुम्हाला दिसला. सुरू कधी झाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: भरवल्यावर शेपटीला रक्त कधी दिसतं? मी म्हणालो, दुसऱ्याच दिवशी.

खरी चूक तिथे होती. माज संपल्यावर एक-दोन दिवसांनी बऱ्याच गाई थोडं रक्त टाकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण भरवल्यावर दुसऱ्याच दिवशी रक्त दिसत असेल, तर भरवलं तेव्हा माज सरलेला होता. गाईचा माज साधारण 12 ते 18 तास टिकतो. माज संपल्यावर 10-12 तासांनी स्त्रीबीज सुटतं आणि ते काही तासच जगतं. वीर्य त्याच्या आधी आत पोचून तयार असावं लागतं. कपिलीचा माज आदल्या दिवशी रात्रीच सुरू व्हायचा आणि आम्ही घरात झोपलेलो असायचो.

तेव्हापासून रात्री दहाला आणि पहाटे पाचला टॉर्च घेऊन गोठ्यात चक्कर मारायची हा माझा नेम झाला. आधी लांबूनच बघायचं, सगळ्या रवंथ करत बसलेल्या असताना कोण उभी आहे. मग शेपटीखाली, मांडीवर आणि ती बसली होती त्या जागेवर उजेड टाकायचा. सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, तिथे सापडतो, कुणी त्याला बळस म्हणतं. अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, काचेसारखा, ओढला की तार न तुटता लांबणारा असेल तर उत्तम. त्यात दह्याच्या कणीसारखे पांढरे ठिपके किंवा पिवळसर गढूळपणा असेल तर गर्भाशयाला सूज आहे. अशा माजाला भरवू नका, आधी उपचार करून घ्या. व्यायल्यावर वार (वासरानंतर पडणारी झार) अडकली होती का, हेही डॉक्टरांना आठवून सांगा.

तुमच्या गाई दावणीला बांधलेल्या असतात का? असतील तर रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मोकळ्या सोडा. दुसरी गाय अंगावर चढली आणि ही हलली नाही, जागच्या जागी उभी राहिली, तर तो पक्का माज. चढणारी माजावर असेलच असं नाही, हे लक्षात ठेवा. दाव्याला बांधलेल्या गाईचा हा पुरावा आपल्याला दिसतच नाही आणि मग आपण मुका माज, म्हणजे लक्षणं न दाखवणारा माज, म्हणून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट वही. चारदा उलटली एवढं पुरत नाही, किती दिवसांनी उलटली ते हवं. 18 ते 24 दिवसांनी परत येत असेल तर एक तर गर्भ धरलाच नाही, नाही तर अगदी सुरुवातीलाच गेला. 30-35 दिवसांनी आली तर धरलेला गर्भ नंतर गेला असण्याची शक्यता जास्त. 42 च्या आसपास आली तर मधला एक माज तुमच्या नजरेतून सुटला. 10-12 दिवसांतच आली तर दोन्हींपैकी एक माज खोटा होता किंवा बीजांडावर गाठ आहे. डॉक्टरांना चार तारखा दाखवल्या तर त्यांचं अर्धं काम होतं. वीर्याच्या कांडीवरचा (बारीक नळीवरचा) वळूचा नंबरही लिहून ठेवा, पुढे तिची कालवड त्याच वळूने भरवली जाऊ नये म्हणून.

कांडीवरून आठवलं. माझ्याकडे एकदा आलेल्या माणसाने गोठवलेली कांडी काढून नुसती तळहातावर चोळून लावली. मला तेव्हा कळत नव्हतं, म्हणून गप्प बसलो. ती उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमध्ये असते. 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद ठेवून, पुसून, मग लगेच वापरायची असते. आता मी थर्मासमध्ये कोमट पाणी आणि थर्मामीटर आधीच तयार ठेवतो आणि कांडी पाण्यात टाकायला सांगतो. तुम्हीही सांगा, संकोच करू नका.

खाण्याकडेही बघा. तिच्या बरगड्या मोजता येतात का? जास्त दूध देणारी गाय व्यायल्यावर अंगातलं काढून दूध देते आणि अंग भरून येईपर्यंत गाभ धरायला कुरकुरते. आपल्या ऊसपट्ट्यात हंगामात फुकट मिळतात म्हणून वाढ्यांवर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) भर दिला जातो. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढे कमी करा, मुरघास किंवा कडब्यासोबत लसूणघास द्या आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. मी आधी आठवण आली की टाकायचो, त्याचा उपयोग शून्य. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली गाय तापली की पहिल्या आठवड्यातला गर्भ टिकत नाही, तेव्हा पत्र्यावर पाचट टाका आणि पाणी चोवीस तास समोर ठेवा.

विकायचं कधी? डॉक्टरांनी आतून तपासून बीजवाहिनी चिकटलीय किंवा गर्भाशय दुरुस्त होण्यासारखं नाही असं सांगितलं, तर खर्च वाढवू नका. पूर्वी कधी सहाव्या महिन्यानंतर गाभ टाकला असेल तर ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या जंतुरोगाची) रक्ततपासणी आधी करा. हा रोग माणसालाही होतो, अशा वेळी वारेला उघड्या हाताने शिवू नका.

कपिली नव्या पद्धतीने पहिल्या वेळीही उलटली. दुसऱ्या माजाला डॉक्टरांनी भरवतानाच बीज सुटण्यासाठी एक इंजेक्शन दिलं आणि राहिली. साठ दिवसांनी हात घालून गाभ तपासली तेव्हा मी गव्हाणीपाशी उभा होतो. ते नुसते "आहे" म्हणाले आणि माझे डोळे भरून आले. तिची कालवड आता माझ्याच गोठ्यात आहे.

तुमच्या गाईचा माज 4 तारखेचा, म्हणजे पुढचा 25 च्या आसपास. त्याआधी या आठवड्यातच डॉक्टरांना बोलवून आतून तपासून घ्या, चार तारखा कागदावर लिहून द्या. आणि 22 पासून 28 पर्यंत रात्री दहाला नि पहाटे पाचला टॉर्च घेऊन उठा.