मंडळीतले कुणी ‘देवाने मला तुझ्याविषयी दाखवलंय’ म्हणाले, तर ते ऐकावंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत, उपास-प्रार्थना करूनही मनाला शांती नाही, आणि मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक ज्येष्ठ बंधू म्हणतात की दूरची नोकरी घेऊ नका असं देवाने त्यांना दाखवलंय.

नोकरीचं आधी सांगून टाकते. दोन्ही कामं प्रामाणिक असतील आणि घरच्यांची आबाळ होणार नसेल, तर तुम्हाला पटेल ती घ्या. चिन्हं मागत बसू नका. गिदोनाने देवाकडे चिन्ह मागायला ठेवलेली लोकर सगळ्यांना आठवते, पण बायबलमध्ये, शास्ते 6 मध्ये, देवाने त्याला काय करायचं ते आधीच सांगितलं होतं. आणि शांती ही काही कसोटी नाही. देवापासून पळणारा योना तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता, आणि पित्याच्या इच्छेत असलेला प्रभू येशू क्रुसाआधी गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला होता.

आता त्या बंधूंबद्दल, कारण खरं म्हणजे मी लिहितेय ते त्यासाठीच.

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी प्रार्थनासभेत, सगळ्यांसमोर, सांगितलं की देवाने त्यांना माझा नवरा दाखवलाय. सेवेत असलेला एक तरुण होता. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. पण आई तिथेच रडायला लागली, लोक ‘आमेन’ म्हणाले, आणि मला कुणी काही विचारलंच नाही. घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, मी हे लग्न करणार नाही. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ घरी आले आणि म्हणाले, हा नकार तू मला देत नाहीयेस, देवाला देतेयस. मी त्यांना उत्पत्ती 24 काढून दाखवलं. अब्राहामाच्या मुलासाठी वधू शोधायला गेलेल्या सेवकाने विहिरीपाशी चिन्ह मागितलं होतं, ते त्याला मिळालंही होतं. तरीसुद्धा घरच्यांनी रिबकेला बोलावून विचारलं, तू या माणसाबरोबर जातेस का? ती ‘जाते’ म्हणाली, मग निघाले. मला कधी विचारलंत?

त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढे कळलं की त्या तरुणालाही असंच सभेत सांगितलं होतं, आणि नकार द्यायची त्याची हिंमत होत नव्हती. मी नाही म्हटलं म्हणून तोही सुटला.

माझं लग्न नंतर झालं, विश्वासी माणसाशीच, माझ्या पसंतीने. पण आजही घरात कुणी आजारी पडलं की एक मावशी म्हणतात, ‘तेव्हा ऐकलं असतंस तर!’ मावशी, 1 करिंथ 7:39 उघडा. प्रेषित पौल विधवेला सांगतो, तिची इच्छा असेल त्याच्याशी तिने लग्न करावं, फक्त प्रभूमध्ये. ‘तिची इच्छा’ असं लिहिलंय तिथे.

माणूस मोठा आहे म्हणून त्याचा प्रत्येक शब्द देवाचा होत नाही. नाथान खरा संदेष्टा होता. दावीद राजाने मंदिर बांधायचं मनात आणलं तेव्हा तो म्हणाला, कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने त्याला उलट निरोप देऊन परत पाठवलं (2 शमुवेल 7). आणि 1 राजे 13 तर प्रत्येक मंडळीत वाचायला हवा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला देवाने स्पष्ट सांगितलं होतं, तिथे जेवायचं नाही. बेथेलच्या म्हाताऱ्या संदेष्ट्याने ‘मला देवदूताने सांगितलं’ अशी थाप मारली. देवाच्या माणसाने ते ऐकलं, आणि वाटेत सिंहाने त्याला मारलं.

याचा अर्थ सगळी दर्शनं खोटी असतात असा नाही, हेही सांगायला हवं. त्रोवसला पौलाला रात्री मासेदोनियाचा माणूस तिकडे बोलावताना दिसला, ते दर्शन देवाचंच होतं. पण तिथेही सगळ्यांनी मिळून त्याचा अर्थ लावला, मग निघाले. संदेश तुच्छ मानू नका, सगळ्याची पारख करा, असं पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात एकाच दमात सांगितलंय. त्या बंधूंना तुमची परिस्थिती ठाऊक असेल, कदाचित तुमच्या लक्षात न आलेली अडचण त्यांना दिसत असेल. ती त्यांनी अडचण म्हणून सांगावी, म्हणजे तुम्हाला तिच्यावर विचार करता येईल.

त्यांच्याकडे जा आणि विचारा, मी दूरची नोकरी घेतली तरी तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना कराल ना? मी नकार दिल्यावर आमच्या त्या वडीलधाऱ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना करणं बंद केलं होतं.