घरच्या ग्रॅज्युएशनची पत्रिका

प्रश्न : ताई, आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलीचं बारावीपर्यंतचं शिक्षण घरीच झालं. जूनमध्ये मागच्या अंगणात छोटा समारंभ आणि जेवण ठेवलंय. पत्रिकेवर टाकायला शाळेचं नावच नाही, मग लिहू काय? आणि 'आहेर नको' हे अमेरिकन शेजाऱ्यांना कसं कळवू?

उत्तर : बिचकत लिहू नका. टेक्सासमध्ये घरची शाळा खासगी शाळेतच मोडते, प्रमाणपत्र आईवडीलच देतात. तेव्हा निमंत्रकही तुम्हीच. मी असं लिहीन :

'आमच्या कन्येने घरी राहून बारावीपर्यंतचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. प्रमाणपत्र समारंभ सायंकाळी ७ वाजता, आमच्या अंगणात. भोजन ८ वाजता. अगत्य येण्याचे करावे.'

दोन्ही वेळा वेगळ्या छापाच. नाहीतर आपली मंडळी थेट पानावर हजर होतात आणि शिक्षण पूर्ण झाल्याची खूण म्हणून मुलगी समारंभाच्या टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे सारते, तेव्हा टाळ्या वाजवायला कोणी नसतं! सातच्या आधीची वेळ मात्र नको. जूनमधलं तुमच्याकडचं ऊन आजी-आजोबांना सोसायचं नाही.

आहेराचं म्हणाल, तर अमेरिकन शिष्टाचारात पत्रिकेवर भेटवस्तूंचा उल्लेखच करत नाहीत. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ मराठी पत्रिकेत ठेवा, इंग्रजीतून गाळा. शेजाऱ्यांनी विचारलंच तर तोंडी सांगा. तरीही एखादी काकू मुलीच्या हातात पाकीट कोंबेलच. तिथे हुज्जत घालू नका, मुलीला वाकून नमस्कार करू द्या.

भारतातल्या, येऊ न शकणाऱ्या नातेवाइकांना निमंत्रण नको. नुसती आनंदाची बातमी कळवणारं वेगळं कार्ड पाठवा, फोटोसकट.