अंध लोकांसाठी वेगळी खिडकी कशी चालवावी? आधी आहे त्या नीट चालवा

तुम्ही विचारलंय की नागपुरातल्या एका ऑफिसात नागरिक सुविधा कक्षाचं काम नुकतंच तुमच्याकडे आलंय, साहेबांच्या डोक्यात अंध लोकांसाठी वेगळी खिडकी काढायचं आहे, आणि ती चालवायची कशी ते तुम्हाला उमगत नाहीये.

मी स्वतः पूर्ण अंध आहे. नागपुरातच सरकारी ऑफिसात 19 वर्षं झाली, आधी टेलिफोन ऑपरेटर होतो, मग मोबाइल आले, बोर्डाचं कामच उरलं नाही तेव्हा आवक-जावकला टाकलं. म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंनी उभा राहून झालंय. तर भाऊ, वेगळी खिडकी काढू नका. पहिल्या महिन्यात फीत कापतात, फोटो निघतात, आणि मग त्या खिडकीवरचा माणूस रजेवर गेला की बाकीच्या चार खिडक्यांवरचे म्हणतात "तुमची खिडकी ती, ते आज आले नाहीत, उद्या या". हे मी स्वतः ऐकलंय. उद्या या म्हणजे काय होते, तर कामठीहून किंवा हिंगण्याहून पुन्हा बस, पुन्हा ऑटो, आणि सोबत येणाऱ्याचा आणखी एक रोज बुडतो. चारही खिडक्यांवरच्यांना हे काम यायला पायजे, बस.

आता काम म्हणजे काय ते सांगतो. काही वर्षांमागं मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका ठिकाणी गेलो, भाच्याला नेलं होतं, तेव्हा तो आठवीत. खिडकीवरच्या बाईंनी त्याला विचारलं, "यांचं नाव काय?" मी समोर उभा. भाचा म्हणाला "मामा, तुमचं नाव विचारून राहिल्या". मी सांगितलं. मग "यांना सही येते का?" पुन्हा त्यालाच. त्याच्यानंतर फॉर्म भरायला त्यांनी माझं उत्पन्न, घरात कोण कोण, अपंगत्वाचे टक्के, सगळं मोठ्यानं वाचत विचारलं, मागे वीसेक माणसं रांगेत. बाई वाईट नव्हत्या बरं, उलट पाणी पण विचारलं. पण माझा पगार त्या दिवशी अख्ख्या रांगेला कळला. याच्यावर उपाय म्हणजे एक खुर्ची बाजूला टाका आणि हळू आवाजात विचारा, याला बजेट लागत नाही. मतदानाच्या मशीनवर बटनांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, तिथं मी आत एकटा जाऊन मत देतो, कोणाला दिलं ते घरच्यांना पण ठाऊक नसते. निवडणुकीत जमते ते रोजच्या दाखल्याला काऊन जमू नये?

आणि ब्रेलवरून आठवलं, साहेब उत्साही असतील तर पहिले ब्रेलच्या पाट्या लावतील. एका इमारतीत मी अशी पाटी पाहिली, म्हणजे मित्रानं दाखवली, छान फ्रेममध्ये काचेच्या आत बसवलेली. काचेतून ब्रेल कसं वाचायचं बाप्पा? लावायचीच तर दाराच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, हात लागेल अशी लावा. पण हे पण लक्षात ठेवा की म्हातारपणी नजर गेलेल्या माणसाला ब्रेल बहुतेक येत नाही, त्याला आवाजच लागतो. टोकनचा नंबर नुसता पडद्यावर झळकत असेल तर शिपायाला तो ओरडायला सांगा.

सगळ्यात जास्त अडते ते कागदावर, आणि हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे कारण हे कोणीच सांगत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, तो पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवतो. मोबाइलवर टॉकबॅक. आता तुमच्या ऑफिसात परिपत्रक कसं निघते? टाइप करतात, प्रिंट काढतात, सही-शिक्का मारतात, स्कॅन करतात आणि ते वेबसाइटवर टाकतात. तो नुसता फोटो असतो, माझं मशीन त्यावर गप्प. बरं टाइप केलेली फाइल दिली तरी ती कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असली तर आणखी मजा, कारण त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. "नागपूर" लिहिलेलं असते, आणि मला ऐकू येते "यू के एक्स आय डब्ल्यू जे". सुरुवातीला मला वाटायचं हा काही फाइलचा कोड नंबर आहे. म्हणून युनिकोडमध्येच, म्हणजे जिथं आत पण मराठीच अक्षरं असतात, टाइप करायचं, आणि सहीच्या स्कॅनसोबत मूळ टाइप केलेली फाइल पण टाकायची, एवढी एक सवय तुमच्या कक्षाला लावली तर शंभर पाट्यांपेक्षा जास्त काम होईल. अर्जाची पावती कागदावर तर तुम्ही देताच, पण सोबत अर्ज क्रमांक आणि मुदतीची तारीख मेसेजवर टाका, माझ्या खिशात पाच पावत्या असल्या तर कोणती कशाची ते मला कसं कळणार.

ऑनलाइनचं विचारू नका. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचा तो कॅप्चा, त्याला ऐकायची सोय नसेल तर तिथंच संपलं. ओटीपी ऐकून लिहीपर्यंत वेळ संपते. सेल्फी केवायसीत, म्हणजे मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून ओळख पटवताना तर "डोळे मिचकावा" म्हणतात! याच विषयावर 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय, ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या आणि अंध लोकांच्या याचिका होत्या, कोर्ट म्हणालं की डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. साहेबांना फाइलवर टिप्पणी पायजे असेल तर हा निकाल लावा, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 46 लावा. सरकारी असो की खाजगी, सेवा देणाऱ्यानं नियम निघाल्यापासून 2 वर्षांत सेवा सुगम करायच्या असं ते कलम म्हणते. नियम 2017 ला निघाले, आता तुम्हीच मोजा.

"याला तर दिसते, नाटक करून राहिला" हे वाक्य तुमच्या कक्षात कोणी ना कोणी म्हणेलच. कायद्यात अंध म्हणजे ठार आंधळा असं नाही. चांगल्या डोळ्यानं, चष्मा लावून, नजर 3/60 पेक्षा कमी असली, म्हणजे धडधाकट डोळ्याला 60 मीटरवरून दिसते ते याला 3 मीटरवरूनही दिसत नसलं, तरी अंध, आणि नजरेचा घेर 10 अंशांपेक्षा कमी असला तरी अंध. घेर कमी म्हणजे पाइपातून पाहिल्यासारखं. असा माणूस मोबाइलवरचं वाचेल आणि दोन पावलांवरच्या स्टुलावर धडपडेल. दोन्ही खरं असते.

माझ्या एका मित्राचे दोन्ही डोळे काचेचे आहेत, आधार काढायला गेला तर ऑपरेटर म्हणे डोळे मोठे करा, अजून मोठे करा. तीन वेळा करायला लावलं. शेवटी यानंच सांगितलं की दादा, सॉफ्टवेअरमध्ये बायोमेट्रिक एक्सेप्शनची, म्हणजे डोळे किंवा बोटांचे ठसे घेता येत नसले तर सूट द्यायची सोय आहे, ती टाका. म्हणून तुमच्या लोकांना अशा सोयी आधीच दाखवून ठेवा.

बाकी बारीकसारीक आहे. खिडकीवरून उठताना "साहेबांकडे जाऊन येतो" असं बोलून उठा, मी कितीतरी वेळा रिकाम्या खुर्चीला माझी अडचण समजावून सांगितली आहे. दंडाला धरून ओढू नका, कोपर पुढे करा, आम्ही धरतो. पैसे परत देताना नोट नोट म्हणत द्या, 100, 200 आणि 500 च्या नव्या नोटांची रुंदी सारखीच, लांबीत 4-4 मिलीमीटरचाच फरक, गर्दीत बोटाला तो कळत नाही. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, 2020 मध्ये आलं, नोट ओळखून सांगते, पण रांगेत मोबाइल काढून नोटांवर धरत कोण बसणार?

आणि सही. "सही येते का" विचारून लगेच अंगठ्याचं पॅड पुढे सरकवू नका. मला सही येते, कुठं करायची ते दिसत नाही एवढंच. जुन्या फाइलचा पुठ्ठा घ्या, त्यात साधारण तीन इंच लांब आणि अर्धा-पाऊण इंच उंच अशी आयताकृती खाच ब्लेडनं कापा, आणि ती फॉर्मवरच्या सहीच्या जागेवर ठेवून माझा पेन आत टेकवून द्या. कापतानाच चार-पाच कापून ठेवा, लोक उचलून घरी नेतात. माझ्याकडे आहे तो पण असाच कुठूनतरी आलेला आहे.