लेकीसाठी पिस्तूल: नवे घ्यावे की वापरलेले?

प्रश्न: माझी १५ वर्षांची मुलगी इचलकरंजीहून कोल्हापूरला जाऊन दीड वर्ष १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करते. पिस्तूल क्लबचे आहे. आता स्वतःचे हवे. नवे २ लाख १५ हजारांना पडते. खेळ सोडलेला एक नेमबाज त्याचे वापरलेले ९० हजारांना देतो आहे. त्याचा हवेचा सिलिंडर नऊ वर्षांचा आहे, मूठ त्याने स्वतःच्या हातासाठी लांबी (पुट्टी) भरून वाढवली आहे. नवी मूठ १४ हजार, दुरुस्ती व सील ५ हजार, नवा सिलिंडर २२ हजार असे दर कळले. पगार ५२ हजार, घरखर्च ३४ हजार, क्लबची फी आणि छर्रे मिळून महिना ७ हजार. बँकेत एकेक लाखाच्या तीन ठेवी आहेत. नव्यासाठी दोन ठेवी मोडून उरलेल्या रकमेला पत्नीचे दागिने गहाण ठेवावेत का? पुढे २५ मीटरच्या पिस्तुलासाठीही आत्तापासून पैसे साठवू का?

उत्तर: नमस्कार. दागिन्यांना हात लावू नका. वापरलेले पिस्तूल घ्या, पण ते स्पर्धेत उतरू शकते याची खात्री होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. स्पर्धेआधीच्या तपासणीत नापास झालेले पिस्तूल ९० हजारांचे असो की दोन लाखांचे, त्या दिवशी ते घरीच राहते.

आंतरराष्ट्रीय नियम मोजमापाचे आहेत, त्यामुळे पडताळणे सोपे. १० मीटरसाठी कॅलिबर (नळीच्या छिद्राचा व्यास) ४.५ मिमी, वजन जास्तीत जास्त १,५०० ग्रॅम, आणि पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसले पाहिजे. दृष्टिदर्शक साधेच, दुर्बीण किंवा लेसर चालत नाही. ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम: नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात, आणि पिस्तूल न सुटता ते उचलले गेले पाहिजे. ही चाचणी शेवटच्या गोळीनंतरही अचानक होते, तिथे नापास झाले तर मुलीचे सगळे गुण जातात. जुन्या मालकाने ट्रिगर हलका करून घेतला असेल तर ते तिच्या अंगावर येईल.

माझी खरी काळजी मूठ आणि सिलिंडरची आहे. मनगट पूर्ण मोकळे दिसले पाहिजे आणि मुठीचा कोणताही भाग हाताच्या पलीकडे टेकता कामा नये, असा नियम आहे. भरलेली पुट्टी आणि बाहेर काढलेला तळहाताचा आधार यांमुळे ५० मिमीची जाडीही ओलांडली जाऊ शकते. शिवाय ती मूठ एका मोठ्या पुरुषाच्या हाताची आहे. ती बदलायचीच, असे धरून चला. सिलिंडरचे तर वर्षच उरले आहे, कारण त्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षे असते आणि ती पाहण्याची जबाबदारी खेळाडूवर असते.

मग खरा भाव किती? तुम्ही कळवलेल्या दरांनी मूठ १४ हजार, दुरुस्ती व सील ५ हजार, सिलिंडर २२ हजार. म्हणजे १ लाख ३१ हजार. तरीही नव्यापेक्षा ८४ हजारांनी कमी, आणि ८४ हजार म्हणजे तिच्या फीचे नि छर्‍यांचे पूर्ण एक वर्ष. त्या वयात रोजच्या छर्‍यांना मी पिस्तुलाच्या नावापेक्षा कितीतरी जास्त मोल देतो. नवे घेतले की बिघाडाची भीती संपते असेही नाही. टोकियोत २०२१ साली मनू भाकरचे पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडले, वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तिने पॅरिसमध्ये २०२४ साली दोन कांस्यपदके मिळवली.

पैशांची सोय अशी करा. एकच ठेव मोडा. पिस्तूल, मूठ आणि दुरुस्ती मिळून १ लाख ९ हजार लागतील, वरचे ९ हजार चालू शिलकीतून द्या. उरलेल्या दोन ठेवी म्हणजे जवळपास सहा महिन्यांचा घरखर्च, तो तसाच राहू द्या. दरमहा तुमच्या हातात ११ हजार उरतात. त्यातले २ हजार आवर्ती ठेवीत टाका, वर्षाने सिलिंडरचे पैसे तयार असतील.

२५ मीटरचे म्हणाल, तर घाई नको. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात सुवर्ण मिळवले, त्यामुळे कोल्हापूरच्या मुलींना ते स्वप्न पडणारच, आणि पडावे. पण ते .२२ कॅलिबरचे वेगळेच हत्यार आहे: ट्रिगर १,००० ग्रॅम, वजन १,४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिमीपर्यंत. त्याला शस्त्रपरवाना लागतो आणि परवान्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते. तोवर प्रशिक्षणापुरते क्लबचे वापरता येते. ४.५ मिमीच्या, २० जूल ऊर्जेच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, तरी मूळ खरेदीची कागदपत्रे आणि विक्रीची सहीची पावती मागून घ्या.

विक्रेत्याला आज ५ हजार विसार द्या. पिस्तूल क्लबमध्ये न्या, प्रशिक्षकांसमोर वजन, पेटी आणि ट्रिगर तपासा, सिलिंडरवरच्या तारखेचा फोटो काढा, मुलीला दोन आठवडे त्यावर सराव करू द्या. नापास झाले तर विसार परत, हे पावतीवर लिहून घ्या. आणि ट्रिगरची चाचणी एकदा नव्हे, वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा.