लातूरमध्ये लॅब्रडॉरसाठी जुनी इलेक्ट्रिक कार कोणती घ्यावी?

आधी मागच्या सीटवर एसीचा झोत येतो का ते पाहा, डिकी नंतर. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड ठेवतं. एमजी झेडएस ईव्ही ऐसपैस आहे, पण मागे एसी व्हेंट 2022 च्या मॉडेलपासून आले. त्याआधीची घेऊ नका.

माझं मत नेक्सॉन ईव्हीला. 2020 च्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये 30.2 किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. कागदावर रेंज (एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर) 312 किलोमीटर, पण एसी लावून 200 च्या आसपासच धरा. लातूरहून उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन यायला तेवढी पुरते. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, म्हणून आरसीवरची तारीख बघा आणि सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीची तपासणी करून घ्याच.

टियागो ईव्ही शहरात छान, पण लॅब्रडॉरला अडचणीची.

बघायला जाताना कुत्र्याला सोबत न्या. त्याला सहज चढता-उतरता आलं पाहिजे. आणि एसी चालू ठेवूनही त्याला गाडीत एकटं सोडू नका. गाडी लॉक झाल्यावर एसी बंद पडू शकतो.